गुलाबी न झालेला स्लॅब

लोक शहापूरला माहुलीचा किल्ला चढायला जातात आणि मुरबाडवरून माळशेजला धबधबे बघायला. मी तिकडे भिंती फोडायला गेले. तीन दिवसांत माहुलीचे सुळके मला दिसले ते फक्त लॉजच्या गच्चीवरून, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून. त्यामुळे सहलीची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी पुण्यात बांधकाम-साहित्याची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून तिचाही फायदा नाही आणि माझाही. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने सिमेंटशिवाय काँक्रीट करायचं मनावर घेतलं. सिमेंटच्या भट्ट्या हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे खरंच आहे. उलट वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेचे नुसते डोंगर पडलेले असतात. त्या राखेत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचं पाणी कालवलं की ती दगडासारखी होते. शास्त्रात याला जिओपॉलिमर म्हणतात. तिकडचे लोक 'राखेचं सिमेंट' म्हणतात आणि तेच जास्त बरोबर आहे. संस्थेने या राखेच्या सिमेंटचं एक सभागृह शहापूरजवळ सापगावला बांधलं, एक अंगणवाडी मुरबाड तालुक्यात बांधली, आणि मग भाषणं सुरू केली.

आता या सिमेंटवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काय परिणाम झाला, ते बघायला मला पाठवलं होतं. ज्या वायूपासून आम्ही जगाला वाचवणार होतो, त्याने आमचंच काय केलं ते बघायचं होतं म्हणा. अहवाल टाइप करून तयार होता. आकड्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या होत्या.

"तुम्ही फक्त जाऊन या," संचालक म्हणाले. "आणि फोटो जरा प्रसन्न काढा."

पहिला दिवस: सापगाव

माझ्या पिशवीत छिन्नी, हातोडा, बॅटरीचं ड्रिल आणि फिनॉल्फथॅलीनची फवारणीची बाटली होती. हे औषध शाळेतल्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काँक्रीटचा टवका काढायचा आणि ताज्या भागावर फवारायचं. आतला अल्कली शाबूत असेल तर तो भाग गुलाबी होतो. कार्बन डायऑक्साइडने तो खाल्ला असेल तर रंग येत नाही. औषध स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं, त्यामुळे आदल्या दुपारी लॉजच्या मालकाने खोली दाखवताना माझ्या पिशवीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं आणि "बाईमानूस म्हनून काय बोलत नाय" असं म्हणून किल्ली दिली.

सापगावचं सभागृह ज्यांनी बांधलं ते गोविंद मिस्त्री माझी वाट बघत उभे होते. साठीचे, सडपातळ, पुण्याहून साहेब येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलेले. साहेब बाई निघाली याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत भिंतीला खिळा ठोकायचा तरी समितीची परवानगी लागते. इथे मी सार्वजनिक इमारतीच्या खांबात ड्रिल घातलं तेव्हा समोरच्या घरातल्या बाईंनी मला बसायला खुर्ची आणून दिली.

टवका काढला, औषध फवारलं. कातडीएवढा थर सोडला की आत भडक गुलाबी. दुसऱ्या खांबातही तेच. तिसऱ्या खांबाच्या वेळी वारा फिरला आणि फवारा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर आला. आदल्या संध्याकाळी लॉजवर कुर्ता धुताना नळाचं पाणी गेलं होतं, धुण्याचा सोडा कापडात तसाच राहिला होता. माझ्या पोटावर गुलाबी ठिपके उमटले. खुर्चीवाल्या बाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

मी मात्र खुशीत होते. इतकी वर्षं गेली आणि आमचं सिमेंट असं ठणठणीत! मी मिस्त्रींना म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या हाताला मानलं. राखेचं काँक्रीट इतकं चांगलं राहिलेलं मी कुठे पाहिलं नाही."

मिस्त्रींनी खांबावरची गुलाबी खूण अंगठ्याने पुसून पाहिली. मग म्हणाले, "बाई, तुमी कागदावर लिवनार काय हे?"

"लिहिणारच."

"मंग नका लिवू. त्यात राख हाय कुठं?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. बांधकाम ऐन थंडीत चाललं होतं. राखेचं सिमेंट उबेशिवाय धरत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते भट्टीत शेकायचो. सापगावला भट्टी कोण आणणार? "तीन दिस झाले तरी बोट घालावं तर बोट आत जायचं," मिस्त्री म्हणाले. "वर तुमच्या साहेबांची उद्घाटनाची तारीख ठरलेली. साइटवरचा इंजिनेर रडकुंडीला आला. मंग आमी शहापुरातून साधं सिमेंट आनलं नि रातदिस काम केलं. तो बोलला, मिस्त्री, कोनाला सांगू नका. मी नाय सांगितलं. तुमी माज्या हाताचं नाव काढलंत म्हनून बोललो. साध्या सिमेंटचा मान राखेच्या नावावर मी कशाला घेऊ?"

मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटांवर पांढुरके वण होते, कॉस्टिक सोड्याचे. "हातमोजे सात जनांत दोनच जोड दिले. ते बी फोटूच्या दिवशी."

आमच्या संस्थेच्या स्वागतकक्षात एका मोठ्या फोटोत याच सभागृहापुढे संचालक उभे आहेत आणि खाली लिहिलं आहे, 'निसर्गाला इजा न करता.' मी खुर्चीवर बसले. खुर्चीवाल्या बाईंनी चहा आणला. कुर्त्यावरचे ठिपके एव्हाना फिके होऊन गेले होते.

"मग राखेचं खरं काम कुठे आहे?" मी विचारलं.

"मुरबाडकडची अंगनवाडी. ती बी माज्याच हातची, पन भर उन्हाळ्यात झाली. काळं प्लास्टिक टाकलं नि गपकन धरलं. ते अस्सल हाय. नि दुसरे ते राखेचे ब्लॉक, आदी नमुन्याला पाडलेले. बिघडलेले ब्लॉक किन्हवलीकडच्या वाडीतले लोक घेऊन गेले."

आमच्या फाइलमध्ये ते ब्लॉक 'मोडून नष्ट केले' असे लिहिलेले आहेत.

दुसरा दिवस: किन्हवलीकडची वाडी

मिस्त्रींनी मला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. मार्च संपत आला होता. भाताची खाचरं उघडी पडली होती आणि कुठे कुठे राब भाजायला घेतला होता. म्हणजे पुढे रोपं टाकायची त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळायचं. निळसर धूर जमिनीलगत पसरला होता. आमच्या संस्थेतले लोक हा धूर बघून लगेच एक चर्चासत्र भरवतील, आणि त्याला वातानुकूलित गाड्यांतून येतील. मोहाच्या फुलांचा गोडसर वास मधूनच यायचा. मिस्त्रींनी दोनदा गाडी थांबवून खाली पडलेली फुलं वेचली आणि खिशात टाकली.

वाडी गावाच्या कडेला, माळावर होती. बरीचशी घरं बंद होती. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. सोमीबाई तेवढ्या होत्या. वयाचा अंदाज येत नव्हता. केस काळे, हातांची कातडी पार सुकलेली. मिस्त्रींनी माझी ओळख 'पुन्याच्या बाई, त्या ब्लॉकवाल्या' अशी करून दिली. ती ऐकताच सोमीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नेयाला आली क्काय?"

"नाही हो. बघायला आले."

"पयले बघत्यात, मंग नेत्यात. आमी चोरले नाय. टाकून दिले व्हते, म्हनून आनले. डोक्यावर आनले, येक येक करून. माजी सून पोटुशी व्हती, तिनं बी आनले."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "गो सोमे, ही कसली नेते! हिला येक ब्लॉक उचलून बघू दे." मी खरंच उचलून पाहिला. गुडघ्यापर्यंत आला आणि परत खाली ठेवला. सोमीबाई पहिल्यांदा हसल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

आत स्वयंपाकाची जागा होती. चुलीच्या तिन्ही बाजूंना आमचे ब्लॉक रचलेले. कोपऱ्यातले तुटके, वाकडे, पण मातीत नीट बसवलेले. वर छपराला धूर जायला एवढंसं भोक. वर्षानुवर्षं रोज दोन वेळा धूर खात ही भिंत उभी होती. आमच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचं एक कपाट आहे. त्यात ठोकळे काही आठवडे ठेवायचे आणि त्यावरून पुढच्या कितीतरी वर्षांचा अंदाज बांधायचा. कपाटात वायू इतका दाट असतो की तिथली रसायनंच थोडी वेगळी वागतात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि अहवालात कोणी लिहीत नाही. सोमीबाईंच्या चुलीमागे मात्र खरा, घरगुती, सावकाश प्रयोग आपोआप होऊन बसला होता.

मी परवानगी मागून कोपऱ्यातला एक ब्लॉक फोडायला घेतला. हातोडा उसळून माझ्याच अंगठ्यावर आला. सोमीबाईंनी अंगठ्यावर थंड पाणी ओतलं. मिस्त्रींनी दोन घावांत तुकडा काढून दिला. औषध फवारलं. काहीच नाही. कडेला नाही, मध्येही नाही. ब्लॉकमधला सगळा अल्कली वायूने खाऊन टाकला होता, आणि ब्लॉकला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो तसाच कणखर होता. मला इतका आनंद झाला की मी अंगठा तोंडात धरूनच टिपणं काढायला लागले.

"ह्या भिंतीला काही होतं का? पोपडे, भुसभुशीतपणा?" मी विचारलं.

"थंडीत पांढरं येतं बाहेर. मिठागत."

"मग?"

"मंग काय? खरवडते. भांडी लय चांगली निघत्यात त्यानं."

राखेतला अल्कली आणि हवेतला वायू मिळून धुण्याचा सोडा होतो आणि तो आत न राहता भिंतीवर फुलून बाहेर येतो. यावर मी एकदा परिषदेत निबंध वाचला होता. त्याचा उपयोग काय, असं मला तिथे कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी सोमीबाईंनी तांदळाची भाकरी, सुकट आणि ठेचलेली हिरवी मिरची दिली. मी ज्वारीच्या भाकरीच्या मुलखातली. तांदळाची भाकरी ही सणासुदीची, नाजूक वस्तू अशी माझी समजूत होती. ही हाताच्या पंज्याहून मोठी, मऊ, आणि थापताना पाण्याचाच हात लावलेली. सुकटीने डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी भाकरी मागून घेतली.

संध्याकाळी संचालकांना फोन केला. सापगावच्या साध्या सिमेंटचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खोकले. मग सोमीबाईंच्या भिंतीचं सांगितलं.

"उत्तम!" ते म्हणाले. "फोटो पाठवा. फक्त त्यात चूल नको. आणि त्या बाई नकोत."

तिसरा दिवस: मुरबाड

मिस्त्रींचं दुसरीकडे काम होतं. मी एकटीच सरळगावमार्गे एसटीने निघाले. अंगणवाडीचं गाव मुरबाडच्या अलीकडे आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या गावाची यात काही चूक नाही.

इमारत छोटीशी, पिवळी. दारावर संगमरवरी पाटी: 'या वास्तूत सिमेंटचा एक कणही वापरलेला नाही.' आत वीस-बावीस मुलं खिचडीची वाट बघत बसलेली. सेविका वैशालीताई पस्तिशीच्या, चटपटीत, एका हातात रजिस्टर आणि दुसऱ्या हातात डाव. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी मला खिचडीचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "आधी खाऊन घ्या. मंग वरती बगा, म्हंजे खाल्लेलं घशात अडकनार नाय."

छताला खालून तांबूस रेषा होत्या, सरळ, समान अंतरावर. आतल्या सळया जिथून गेल्या होत्या, बरोबर तिथून. एका कोपऱ्यात 'फळांची नावे' हा तक्ता छताला चिकटवलेला होता. मुलांनी मान वर करून फळं शिकायची, हे मला नवीन होतं.

"तो तक्ता वर का लावलाय?"

"खालची माती पडते डोक्यात म्हनून. दोनदा अर्ज केला. तुमच्या हापिसातून उत्तर आलं, हे सिमेंट कार्बनने खराब होत नाय, प्रमानपत्र हाय. झेरॉक्स बी पाठवली."

मुलांना अंगणात नेलं. मी टेबलावर चढले, तक्ता काढला आणि औषध फवारलं. रंग नाही. छिन्नीने अजून आत गेले. रंग नाही. सळीपर्यंत पोचले तरी रंग नाही. मग एक बारीक घाव घातला आणि हाताएवढी खपली टेबलावर पडली. उघडी पडलेली सळी तपकिरी, पापुद्रे सुटलेली. बोटाने दाबली तर चुरा हातात आला.

सोमीबाईंच्या भिंतीत जे झालं होतं तेच इथेही झालं होतं. फरक एवढाच की त्या भिंतीत लोखंड नव्हतं. अल्कली असतो तोवर सळीला गंज चढत नाही; तो गेला की सिमेंट कितीही दणकट असो, आतली सळी उघड्यावर पडल्यासारखी गंजते, फुगते आणि काँक्रीट ढकलून देते.

वैशालीताईंनी फाइलीतून ती झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. खाली सही माझी होती.

त्या चाचणीच्या वेळी मी कपाटात ठोकळे ठेवले होते, बाहेर काढून दाबयंत्रात चिरडले होते आणि त्यांची ताकद कमी झाली नाही असं लिहिलं होतं. एकाही ठोकळ्यात सळी नव्हती. वाक्य खरं होतं. वरच्या साहेबांनी त्यावरून 'कार्बनने खराब होत नाही' केलं, आणि मी त्या पानावरही सही केली. त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं, एवढंच आठवतं.

मी टेबलावरून उतरले. "ताई, ही सही माझी आहे," मी म्हटलं. "मी सळी घालून बघितलंच नव्हतं."

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला रजिस्टरचं मागचं कोरं पान फाडून दिलं.

"मंग आता दुसरं प्रमानपत्र द्या."

"मला आधी कार्यालयात विचारावं लागेल."

"त्या टायमाला विचारून दिलं व्हतं ना? आता न विचारता द्या."

तरी मी बाहेर जाऊन फोन केलाच. सवय. संचालक शांतपणे म्हणाले, "निरीक्षण प्राथमिक स्वरूपाचं आहे असं लिहा. पावसाळ्यानंतर पुन्हा बघू."

"पावसाळाभर मुलं आतच बसतील, सर."

"तुम्ही भावनिक होताय. मटेरियल उत्कृष्ट आहे."

"मटेरियल उत्कृष्टच आहे. छत पडेल."

फोन कट झाला की त्यांनी ठेवला, मला कळलं नाही. आत येऊन मी त्या पानावर लिहिलं: 'या इमारतीच्या छताच्या सळया गंजल्या आहेत. छत धोक्याचे आहे. मुलांना आत बसवू नये. पूर्वीचे प्रमाणपत्र चुकीचे होते व ते मीच दिले होते.' सही केली, हुद्दा लिहिला. वैशालीताईंनी ते मोठ्याने वाचलं, तारीख राहिली होती ती घालायला लावली, आणि मदतनीस बाईंना म्हणाल्या, "चला, हनुमानाच्या मंडपात. खिचडीचं पातेलं धर गो तिकडून."

मुलं रांगेने निघाली. मागून मी तक्ते, सतरंजी आणि वजनाचा काटा घेऊन. देवळाच्या मंडपात एक म्हातारे गृहस्थ निजले होते, ते उठून बसले आणि कोणी काही सांगायच्या आत त्यांनी आपली पासोडी गुंडाळून जागा करून दिली. वैशालीताईंनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. माझ्या संस्थेला जे ठरवायला पावसाळा हवा होता, ते इथे खिचडी गार व्हायच्या आत ठरलं होतं.

परत आल्यावर

पुण्याला येऊन मी अहवाल लिहिला: सापगावला राख नाही, किन्हवलीला राख उत्तम, मुरबाडला राख उत्तम आणि सळया खलास. जिथे लोखंड नाही तिथे हे सिमेंट खुशाल वापरा. जिथे आहे तिथे आधी सळी घालून तपासा. संस्थेने यातलं शेवटचं वाक्य गाळून त्याच्या आधीचं एका परिषदेत वाचलं. टाळ्या पडल्या म्हणे. मला 'अनुशासन' या विषयावर एक पत्र आलं. हातमोज्यांबद्दल मी दोन पानं लिहिली होती, त्यांचं काय झालं ते विचारलं तर टंकलिपिकाने ती मिळालीच नाहीत असं सांगितलं. मी पुन्हा दिली. आता पोच घेऊन देते.

ते हाताने लिहिलेलं पान मात्र वैशालीताईंनी ग्रामपंचायतीत, तालुक्यात आणि आणखी कुठे कुठे दाखवलं. पावसाळ्याच्या आत छत पाडायचं ठरलं. मी रजा काढून गेले. गोविंद मिस्त्रींनाही बोलावलं होतं. स्वतःच्या हाताने घातलेला स्लॅब ते स्वतःच्या हाताने फोडत होते, या वेळी हातमोजे घालून. काँक्रीट इतकं चिवट होतं की घणाखाली ठिणग्या उडत होत्या. दोन दिवस लागले. सळया मात्र ओढल्या तशा काडीसारख्या मोडून येत होत्या. मिस्त्री एक तुकडा हातात घेऊन उभे राहिले.

"मसाला चांगला व्हता, बाई," ते म्हणाले. "मी उगा नावं ठेवनार नाय त्याला. पन त्याला ह्याचं काय करायचं ते म्हाईत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हटलं.

आता अंगणवाडीवर पत्रे आहेत. परवा वैशालीताईंचा फोन आला, पोषण आहाराच्या कसल्याशा फॉर्मवर इंग्रजीत काय लिहिलंय ते विचारायला. ते सांगून झाल्यावर मी विचारलं, पत्र्याखाली मुलांना उकडतं का?

"लय तापतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "दुपारी पोरं नुसती घामाघूम. पन शिकवताना मला वर बगत बसावं लागत नाय."